पंचविसाव्या तासातली अकरा मिनिटं

उमेश गेल्याची बातमी चार तास माझ्या मोबाइलमध्ये पडून होती, आणि मोबाइल होता कारखान्याच्या गेटवरच्या खणात. इकडे तमिळ मुलखात, आवडी गावातल्या संरक्षण खात्याच्या कारखान्यात सकाळी आत शिरताना फोन जमा करावा लागतो. एकतीस वर्षं मी इथल्या स्टोअरमध्ये आहे, त्या खणाचा मला कधी राग आला नव्हता. त्या मंगळवारी अकराच्या सुमाराला सेक्शनचा लँडलाइन वाजला आणि साहेबांनी हाक मारली, "मीना मॅडम, घरून." पलीकडे आमचे हे होते. "मीना, उमेश…" एवढंच म्हणाले आणि थांबले. खिडकीवर एक माणूस नट-बोल्टची पावती घेऊन उभा होता. मी आधी त्याला त्याचे बोल्ट दिले, सही घेतली आणि मग उठले. असं का केलं, ते मला अजून सांगता येत नाही.

अठ्ठावीस वर्षांचा मुलगा, डेंगीनं आठ दिवसांत गेला. आदल्या रविवारी मी दवाखान्यात त्याच्यापाशी बसले होते, ताप उतरला होता, पेशी वाढतायत असं डॉक्टर म्हणाले होते. "मावशी, सुटलो की पिठलं-भाकरी. इथली इडली आता मला ओळखायला लागलीय," असं म्हणून हसला. निघताना मी विचारलं, "ती आली होती का रे बघायला?" तो म्हणाला, "येईल. काम असेल तिला." ती आली नाही. ती कोण, ते पुढे सांगतेच. आज दोन महिने होत आले. गेलेल्या माणसाविषयी गोड, शांत लिहायचं असतं, हे मला ठाऊक आहे. या पानावर दर आठवड्याला मी तसं वाचतेही. मला तसं जमणार नाही. उमेशविषयी मी गोडच लिहीन, पण त्याच्याशी जे वाईट वागले त्यांच्याविषयी गोड लिहिण्याइतकी मी मोठी नाही आणि व्हायची इच्छाही नाही.

उमेश माझा रक्ताचा कुणी नव्हे. कराडची माझी बालमैत्रीण शोभा, तिचा हा एकुलता एक. डिप्लोमा करून श्रीपेरुंबुदूरकडच्या एका गाड्यांच्या कारखान्यात लागला, तेव्हा शोभानं फोन केला होता, "माझं पोरगं तुझ्या गावात येतंय, बघ गं." मी म्हटलं, आमच्या क्वार्टरमध्ये राहू दे की. पण उमेशसाहेबांना समुद्र पाहिजे होता. तिरुवल्लिकेणीच्या एका मॅन्शनमध्ये, म्हणजे एकट्या पुरुषांच्या त्या जुन्या लॉजमध्ये, तिसऱ्या मजल्यावर त्यानं खोली घेतली. एक खाट, एक दोरी, दोरीवर सगळा संसार. पहिला पगार व्हायच्या आधीच्या महिन्यात तो दिवसातून एकदाच जेवत होता. हे त्यानं मला सांगितलं नाही, आईलाही नाही. खालच्या खाणावळीत वाढणारे मुरुगन म्हणून एक वयस्कर गृहस्थ होते, त्यांच्या ते लक्षात आलं. ते काही न बोलता त्याच्या पानात एक वडा जास्तीचा टाकायचे. पुढे मी एकदा त्या खाणावळीत गेले, तेव्हा मुरुगननीच मला हे सांगितलं आणि वर मलाच रागावले, "अम्मा, तुम्ही कसल्या मावशी?"

दर रविवारी तो आमच्याकडे यायचा. बसनं सेंट्रल स्टेशन, तिथून गाडीनं आवडी, अकराच्या आत हजर. यायचा आणि थेट स्वयंपाकघरात शिरायचा. खाण्यावर फार प्रेम. माझ्याशी भांडणं तर नेमानं. मी भाजीवाल्याशी घासाघीस केली की त्याला राग यायचा, शेजारणीला टोमणा मारला की राग यायचा. "मावशी, सोड ना," हे त्याचं पालुपद. मी म्हणायचे, "सोडायला मी काय पतंग धरलाय?" एकदा आमच्या ह्यांच्या चपला देवळाबाहेरून गेल्या, तर चोराची बाजू घेऊन तासभर बोलला. म्हणे, त्याला जास्त गरज असेल. आमचे हे अनवाणी उभे आणि हा चोराचा वकील. मी इतकी चिडले की त्या दिवशी त्याला दुसरी भाकरी वाढली नाही… मग तिसऱ्यांदा विचारल्यावर वाढली.

गेल्या वर्षी पेरुंगुडीतल्या तरुण मुलांच्या एका ट्रस्टशी त्याची ओळख झाली. आयटीतली, कारखान्यांतली पोरं, शनिवारी-रविवारी जमून चांगली कामं करणारी. त्यांचा वर्षाचा मोठा कार्यक्रम म्हणजे उपास. शनिवारी संध्याकाळी सहा ते रविवारी संध्याकाळी सहा, चोवीस तास सगळ्यांनी एका हॉलमध्ये एकत्र राहायचं आणि पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. प्रत्येकानं आधी आपले आपले प्रायोजक गाठायचे. ते उपाशी राहिलेल्या दर तासामागे काही रक्कम द्यायचं कबूल करतात, आणि जमलेला पैसा जगभरातल्या उपाशी मुलांच्या जेवणासाठी जातो. उमेशनं हे मला सांगितलं तेव्हा मी पोट धरून हसले. जो माणूस माझ्या कढईत डोकं घालून वास घेतो, तो उपास करणार! पण त्याचे डोळे चमकत होते. मुरुगन, मॅन्शनचा वॉचमन, कारखान्यातले त्याचे मॅनेजर, आमचे हे, मी, सगळ्यांना त्यानं गळाला लावलं. सगळ्यांत जास्त प्रायोजक त्याचे, म्हणून त्याला एका टीमचा लीडर केलं. "भूक म्हणजे काय ते एक दिवस तरी कळू दे सगळ्यांना," असं तो म्हणाला. त्याला ती आधीच कळली होती, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

आणि इथे माझी चूक आहे. ती आधी सांगते, म्हणजे पुढे मी दुसऱ्यांवर दात-ओठ खाईन तेव्हा वाचणाऱ्याला कळेल की मीही त्या रांगेत उभी आहे. आपल्याकडे उपास म्हणजे काय? वरी, साबुदाणा, बटाटा, रताळं, दाणे. उपास म्हणजे न जेवणं, हे आपल्या घरात कुणी कधी शिकवलंच नाही. आपला उपास असतो त्या दिवशी स्वयंपाकघरात जास्त भांडी पडतात. त्या शनिवारी सकाळी तो आवडीला आला होता, तेव्हा मी शेंगदाण्याचे लाडू डब्यात भरून त्याच्या सॅकमध्ये घालायला लागले. तो म्हणाला, "मावशी, तिथं फक्त पाणी."

"पाण्यावर राहिलेली माणसं दवाखान्यात जातात. हे दाण्याचे आहेत, चालतात उपासाला."

"कुणाला चालतात?"

"देवाला."

"अगं, हा देवाचा उपास नाही, ट्रस्टचा आहे!"

"मग ट्रस्टला सांग, मावशीनं दिलेत," असं म्हणून मी चेन लावून टाकली. तो माझं मन मोडत नसे. सॅक उचलली आणि गेला.

त्यानंतर काय झालं ते मला त्यानं दोन आठवड्यांनी सांगितलं, माझ्याच स्वयंपाकघरात, पाठमोरा उभा राहून. रविवारी दुपारी दोनच्या सुमाराला, म्हणजे वीस तास झाले होते तेव्हा, त्याच्या टीममधली एक मुलगी हॉलच्या मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसली. हर्षदा तिचं नाव. नागपूरची, चोवीस वर्षांची, आयटी कंपनीत नुकती लागलेली. तिचे हातपाय गार पडले होते, ओठ पांढरे झाले होते. उमेश म्हणाला, संयोजकांना सांगतो, तू आता सोड. तर ती रडायला लागली. ट्रस्टचे संयोजक हेच तिच्या ऑफिसातले वरिष्ठ, नोकरी अजून कच्ची, आणि तिनं सगळ्या ऑफिसात मिरवलं होतं की मी चोवीस तास करणार. उमेशनं डबा काढला. ती लाडू हातात घेईना. एकटीनं खायची लाज वाटते, म्हणाली. "तू खाल्लास तर मी खाईन." तेव्हा त्यानं एक लाडू तिला दिला, ती खायला लागली आणि मग त्यानं एक स्वतःच्या तोंडाला लावला. त्याच वेळी वरच्या खिडकीतून कुणीतरी फोटो काढला. खांबामुळे ती त्यात आली नाही. फोटोत होता उमेश, त्याच्या छातीवर टीम लीडरचा बिल्ला आणि तोंडात माझा लाडू.

पाच मिनिटांत तो फोटो सगळ्यांच्या फोनवर. संयोजकांनी सगळ्यांना गोळा केलं आणि उमेशला मध्ये उभं केलं. या गृहस्थांचं नाव मी लेखात लिहिलं होतं. संपादकांनी ते काढायला लावलं, त्यांचंही बरोबर असेल. तर संयोजक म्हणाले, हा माणूस उपाशी मुलांच्या ताटातलं खातो. साठ पोरांसमोर म्हणाले. हर्षदा तिथेच होती, दुसऱ्या रांगेत. उमेशनं तिच्याकडे पाहिलं, तिनं खाली पाहिलं. आता खरं सांगितलं तर तिचं नाव येतं, न सांगितलं तर आपलं जातं. या शहाण्यानं काय केलं? कान पकडून हसला आणि म्हणाला, "आमच्यात शेंगदाणा उपासाला चालतो सर, मला वाटलं इथेही चालेल." सगळे हसले. त्याला नियम पाठ होता, टीमला त्यानंच समजावून सांगितला होता. पण मूर्ख ठरलो तर ती वाचते, एवढाच हिशेब त्यानं केला, आणि त्यासाठी माझंच वाक्य वापरलं. बिल्ला काढून घेतला. सगळ्या प्रायोजकांना पत्र गेलं की अमुक सहभागीनं नियम मोडल्यामुळे त्याचा उपास बाद धरण्यात येत आहे. ते पत्र त्याच्या कारखान्यात मॅनेजरकडेही गेलं, कारण तेही प्रायोजक होते.

दुसऱ्या दिवसापासून कारखान्यात त्याचं नाव पडलं लड्डू. लड्डू, हे चालतं का तुझ्यात? लड्डू, देवाला विचारलंस का? पोरं थट्टेनंच म्हणायची, मान्य. पण रोज, अकरा महिने? तो कँटीनमध्ये बसेनासा झाला. डबा घेऊन कुठेतरी मागे जाऊन खायचा. मॅन्शनवरही ताट घेऊन गच्चीवर जायचा, मुरुगन सांगत होते. माझ्याकडे आला की खायचा, पण कुणी मध्येच आलं की त्याचा हात थांबायचा. मी बघायचे आणि माझ्या अंगाची लाही व्हायची. ज्या मुलाच्या जेवणाकडे बघून आपलं पोट भरायचं, त्याला चार माणसांत घास घ्यायची चोरी झाली… मी म्हटलं, मी जाते पेरुंगुडीला, त्या पोरीच्या झिंज्या धरून आणते. त्यानं माझे दोन्ही हात धरले. "मावशी, शब्द दिलाय मी तिला. तुझाही पाहिजे. तोंड उघडायचं नाही." मी दिला. रडत दिला, पण दिला. त्यानंतर मी दाण्याचा लाडू केलेला नाही.

तो गेला, शोभा आली. कराडहून आधी गाडीनं, मग विमानानं, आयुष्यात पहिल्यांदा. कारखान्यातली पोरं अंत्यविधीला आली होती, बिचारी मनापासून रडत होती. त्यांच्यातला एक शोभाच्या पाया पडून हिंदीत म्हणाला, "आंटी, हमारा लड्डू चला गया." तीन दिवसांनी, त्याची खोली आवरून दोरी सोडताना, तिनं मला विचारलं, "मीना, लड्डू का म्हणत होते त्याला?" मी काहीतरी थाप मारली. ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "एका पोरानं सांगितलं मला. त्यानं खरंच फसवलं का गं? उपाशी मुलांच्या नावानं?" बाई मुलाचे शर्ट घडी करत होती आणि असं विचारत होती. मी तिला त्याच वेळी सगळं सांगितलं. जिवंत माणसाला दिलेला शब्द मी पाळला होता, आता तो माणूसच राहिला नव्हता. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तू म्हणतेस तर खरंच असेल. पण तू तर त्याची मावशीच." म्हणजे माझी साक्ष तिला पुरली नाही, आणि त्यात तिची चूक नव्हती. ज्यांनी त्याला खोटं ठरवलं होतं, त्यांच्या तोंडून ते यायला हवं होतं. शोभाला गाडीत बसवलं त्या संध्याकाळी मी ठरवलं की ते आणायचं.

आणि संधी त्यांनीच माझ्या दारात आणून ठेवली. महिन्याभरानं संयोजकांचा फोन आला. आवाजात केवढा ओलावा! यंदाचा उपास उमेशच्या स्मृतीला वाहतो आहोत, टी-शर्टवर त्याचा फोटो छापतो आहोत, आणि रविवारी संध्याकाळी सहा वाजता उपास सोडवायला आईसारखं कुणी हवं, तुम्ही याल का? त्यांच्याकडे रीत अशी की प्रमुख पाहुण्यानं एका मुलाला नीर मोरचा पहिला पेला द्यायचा. नीर मोर म्हणजे पातळ ताक, आलं-कढीपत्ता घातलेलं. तो पहिला पेला दिल्याशिवाय कुणी काही तोंडाला लावत नाही. मी म्हटलं, येते की, का नाही येणार. इतक्या गोड आवाजात म्हटलं की आमचे हे पेपरमधून मान वर करून माझ्याकडे बघायला लागले. "काय करणार आहेस?" म्हणाले. मी म्हटलं, "ताक देणार आहे."

पेरुंगुडीचा तो हॉल थंडगार होता. भिंतीवर उमेश, दहा फुटांचा, हसरा. सतरंज्यांवर साठेक पोरं, प्रत्येकाच्या छातीवरही उमेश. फोटो नीट पाहिला आणि माझं डोकं सणकलं: गेल्या वर्षीचाच होता, सकाळी काढलेला, बिल्ल्यासकट. दुपारी काढून घेतलेला बिल्ला त्यांनी मेल्यावर परत दिला होता. पहिल्या रांगेत हर्षदा. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण ती माझ्याकडे बघून ज्या तऱ्हेनं आखडली त्यावरून ओळखलं. संयोजकांनी भाषण केलं. उमेश किती हसतमुख, किती सेवाभावी, आमच्या कुटुंबातला. सहा वाजले. टाळ्या झाल्या. माझ्या हातात स्टीलचा पेला दिला आणि समोर एक मुलगा ओंजळ करून येऊन उभा राहिला. मी पेला दिला नाही. माइक घेतला.

एकतीस वर्षांत माझं तमिळ आवडीच्या बाजारात घडलेलं आहे, ते काही नाजूक नाही. मी म्हटलं, "गेल्या वर्षी याच जागी तुम्ही या मुलाला चोर म्हणालात. त्यानं फसवलं नव्हतं, हे आज याच जागी म्हणा. मग हा पेला देते." संयोजक हसले. म्हणाले, "मॅडम, भावना समजतात, नंतर बोलू, मुलं उपाशी आहेत." मी म्हटलं, "माहीत आहे. म्हणूनच आत्ता." आणि पेला धरून उभी राहिले.

पंचविसावा तास सुरू झाला होता. आधी सगळ्यांना वाटलं, बाई शोकात आहे, होईल शांत. मग कुजबुज सुरू झाली. संयोजकांनी टेबलावरच्या ताटातला दुसरा पेला उचलून त्या मुलाला द्यायला पाहिला. त्या मुलानं घेतला नाही, मागे सरकला. त्या पोराचं नाव मला माहीत नाही, देव त्याचं भलं करो. पाच मिनिटं गेली. तिसऱ्या रांगेत एक सावळी मुलगी मैत्रिणीच्या खांद्यावर डोकं टाकून बसली होती, तिचे ओठ कोरडे पडले होते. ते मी पाहिलं. न पाहिल्यासारखं केलं असं मी म्हणणार नाही. नीट पाहिलं, तिला तहान-भूक लागलीय हे कळलं, ताक माझ्या हातात होतं आणि हात मी पुढे केला नाही. "सोल्लुंग, सार," मी पुन्हा म्हटलं. सांगा, साहेब. सात मिनिटं झाली, आठ झाली. ते घड्याळाकडे बघत होते, मी त्यांच्याकडे.

नवव्या मिनिटाला हर्षदा उठली. उभी राहिली आणि म्हणाली, "मी खाल्ला होता. आधी मी. मला चक्कर येत होती म्हणून त्यानं दिला. मी एकटी खाईना म्हणून त्यानं खाल्ला." आधी मराठीत म्हणाली, मग इंग्रजीत. संयोजकांचा चेहरा उतरला. ते माइकजवळ आले, म्हणाले, काही गैरसमज झाला असल्यास… मी त्यांना तिथंच अडवलं. "गैरसमज नको. मी सांगते ते वाक्य म्हणा: उमेशनं फसवलं नव्हतं, आम्ही चुकलो." आणि पोरांकडे वळून म्हटलं, "गेल्या वर्षी फोन काढले होतेत ना? आता काढा." एक निघाला, दोन निघाले, मग पन्नास. त्या पन्नास फोनांसमोर त्या गृहस्थांनी ते वाक्य म्हटलं. तमिळमध्ये एकदा आणि इंग्रजीत एकदा. ते म्हणताना त्यांच्या कपाळावरून घाम ओघळला, आणि मला फार फार बरं वाटलं. माणसाला असं वाटू नये म्हणतात. मला वाटलं.

मग, अकराव्या मिनिटाला, मी ताक वाटलं. त्या सावळ्या मुलीला पहिलं, मग सगळ्यांना, एकेकाच्या हातात. हर्षदा माझ्यासमोर दोनदा आली, दोन्ही वेळा मी पलीकडच्याला पेला दिला. साठातली शेवटची ती. "मावशी, मला माफ…" तिनं सुरुवात केली. मी म्हटलं, "ताक पी." एवढंच. ती उठली नसती तर ते वाक्य आलं नसतं, हे मला मान्य आहे. पण उठायला तिला एक वर्ष आणि एक मरण लागलं. तो दवाखान्यात आठ दिवस होता. तिचे मेसेज येतात, लांबलचक, रडके. मी वाचते आणि उत्तर देत नाही.

दुसऱ्याच दिवशी माझाही फोटो फिरायला लागला. हातात पेला, समोर कोमेजलेली पोरं, आणि खाली काहीबाही: म्हणे उपाशी मुलांना वेठीला धरणारी निर्दय बाई. पाठवणारा कोण, ते मला विचारायचीही गरज नाही. एका ओळखीच्या माणसानं कळवळून फोन केला की खुलासा करा. कसला खुलासा करू? फोटोत मी आहे, पेला माझ्याच हातात आहे. उमेशचा फोटो अर्धा होता; माझा पुरता आहे.

त्या वाक्याचा व्हिडिओ मी शोभाला पाठवला. दोन दिवस काहीच आलं नाही. तिसऱ्या दिवशी तिनं फोन केला. कुणाकडून तरी त्या इंग्रजीचा अर्थ लावून घेतला होता, पुन्हा पुन्हा ऐकलं होतं. म्हणाली, "म्हणजे तो खोटं बोललाच नव्हता." मी म्हटलं, "बोलला होता. त्या पोरीसाठी." मग आम्ही दोघींनी नुसतं एकमेकींचं रडणं ऐकलं. शेवटी नाक पुसत ती म्हणाली, "पण मीना… ती पोरं चोवीस तासांची उपाशी होती गं. तू त्यांना ताटकळत ठेवलंस. उमेशला हे नसतं आवडलं."

नसतं आवडलं. मला का माहीत नाही? पहिल्याच मिनिटाला त्यानं माझ्या हातातून पेला काढून घेतला असता, आधी पोरांना पाजलं असतं, आणि मग माझ्यावर डोळे वटारले असते. पुढच्या रविवारी येऊन स्वयंपाकघरात तासभर भांडला असता, "मावशी, सोड ना, मावशी, तू अशी कशी," करत. मी त्याला एकच उत्तर दिलं असतं, की तू चांगला आहेस, मी नाही, आणि एवढ्यापुरतं मला तसंच राहू दे. त्यावर तो काहीतरी बोलला असता. काय बोलला असता, ते मला सुचत नाही. रविवारी सकाळी मी दाराला आतून कडी घालत नाही. आवडलं नसेल, तर येऊन सांगू दे.